डाव्या कप्प्यातली जागा

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे डहाणूला! नवरोबांची, म्हणजे दर्शनची, रेल्वेत बदली झाली आणि मलाही लगेच इथल्या एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढायचं काम मिळालं. आमची सहा वर्षांची सई क्वार्टरमागच्या चिकूच्या झाडावरून उतरायलाच तयार नाही, माकड कुठली! नवं मशीन तपासायला मी माझीच पट्टी काढली. हृदय ठणठणीत. उगाच स्वतःवरच खूश झाले.

१० नोव्हेंबर
सायवनच्या भिकीमावशी आल्या, दम लागतो म्हणून. पट्टी बघताक्षणी ओळखलं. प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा रुंद, मधे खाच, इंग्रजी एमसारखा. म्हणजे हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगलाय. एकनाथ सर, आमचे डॉक्टर, शाब्बास म्हणाले. मावशींना समजावलं, तर म्हणतात कशा, फुगेल नाही तर काय बाय, माझा बाळ्या राहतो ना तिथं! मुलगा बोटीवर खलाशी होता, समुद्रातून परतलाच नाही. मी मेल्यावर त्यानं कुठं जायचं, तुझ्याकडे आहे का जागा, असं विचारत होत्या. जीव कळवळला माझा. म्हटलं, आहे की मावशी, भरपूर आहे.

१२ नोव्हेंबर
भिकीमावशी गेल्या. शेवटपर्यंत माझा हात धरून होत्या. सोडवून घेतला तेव्हा तळवा ओलागच्च होता.

१५ नोव्हेंबर
जिना चढताना धाप लागली. कविता सिस्टरनं जबरदस्तीनं झोपवून माझी पट्टी काढली. उंचवटा रुंद. मधे खाच. वायरी बदलल्या, मशीन बदललं, तरी तेच! सर म्हणतात, जुनंच दुखणं असणार. माझी पहिली पट्टी दाखवली, तर म्हणाले, ही तुमची नव्हेच.

१९ नोव्हेंबर
छातीत कुणीतरी कूस बदलतं. श्वासाला खारा वास येतो. दवाखान्यात एकटीच होते, चिडून ओरडले, बाळ्या, नीघ इथून! आत हुंदका आला — माझा नव्हता तो.

२१ नोव्हेंबर
कप्पा अजून फुगलाय. दर्शन मुंबईला नेणार म्हणतो. काय उपयोग? तो माझ्यात मावत नाहीये — कळतं मला. दुसरी जागा शोधतोय मेला. माझं काय व्हायचं ते होवो, सईला जवळ घ्यायचं नाही. अजिबात नाही.

२२ नोव्हेंबर
डोळा लागला होता — सई येऊन छातीला कान लावून बसलीय. ढकलायला हातात जोर नाही. कुणाशी बोलतेस विचारलं, तर म्हणे बाळ्याशी. घरात हे नाव मी कधी काढलेलं नाही. तो तिला विचारतोय, तुझ्याकडे — सई, हो म्हणू नकोस, मानसुद्धा हलवू नकोस, सई —