खोबरेल सोड

ती. नंदूकाकांस,

चारुदत्तचा साष्टांग नमस्कार (गॅरेजमध्ये वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा कमरेपर्यंतचाच गोड मानून घ्या). मिरजेत काकूंचे सांधे आणि सायकलचं दुकान बंद केल्यापासूनची तुमची चिडचिड, दोन्ही आटोक्यात असावीत. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आम्ही बरे होतो, पण मी तुमचा सल्ला घेतला.

तुमच्या सूनबाईच्या, उत्तराच्या सायकलला ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आहेत (एकावर दोन कामं टाकली की काय होतं, ते मी ऑफिसात रोज बघतो). बारा वर्षांत आतलं ग्रीस घट्ट झालं. हलका गिअर टाकायला जावं तर लिव्हर नुसता हलतो, आतला खटका काही धरत नाही. येत्या रविवारी तिची शंभर मैलांची राइड, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची पहिली. वर्षभर घाम गाळलाय तिने. जड गिअरवर चढ चढायचा म्हणजे गुडघा गेलाच. म्हणून ‘मी करतो’ असं बोलून बसलो आणि तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, “खोबरेल सोड.” तेवढ्यात फोन कट. आमच्याकडे थालीपिठाच्या कडेने तेल सोडतात. मी लिव्हरच्या फटीतून सोडलं. अर्धी बाटली.

घरात गिअर असे खटाखट पडले की मीच माझी पाठ थोपटली. पहाटे उत्तरा बाहेर पडली, चाळीस डिग्री फॅरनहाइटच्या थंडीत (तुमचे पाच), आणि दुसऱ्या गल्लीत गिअर अडकला. घरी आणली, की पुन्हा खटाखट! तीन दिवस हाच तमाशा. तिला वाटलं, मी हातच लावला नाही. मला वाटलं, तिलाच गिअर टाकता येत नाहीत (हे मी मोठ्याने बोललो). शेवटी सायकलच्या दुकानातल्या अमनने लिव्हरवरचं रबर सोलून बघितलं, तर आत पांढरा गोळा. वास घेऊन म्हणतो, “अंकल, इज दिस हेअर ऑइल?” धुऊन काढावं लागेल, पण नंबर मंगळवारी. आणि संध्याकाळी तुमचा मेसेज: ‘खोबरेल सोड, बाकी कुठलंही पातळ तेल चालेल.’ काका, ‘घालू नकोस’ म्हणायला काय झालं होतं?

काकूंना नमस्कार.

तुमचाच (इलाज नाही),
चारुदत्त

ता. क. शनिवारी सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर बसून लिव्हर कसा धुवायचा ते दाखवाल का? आणि उत्तराने विचारलंच, तर ही नेहमीची सर्व्हिसिंग आहे म्हणून सांगा.

ता. क. २ उत्तराने मागे उभं राहून सगळं वाचलं. कॉल तिच्या फोनवर करा. लिव्हर ती धुणार आहे. मी तेव्हा घराबाहेर असावं, एवढीच तिची अट आहे.