डोळे मिटून ऐकणारा

३ जुलै
ग्रंथालयातल्या आउलिक्कीने आज स्वतःहून विचारलं, शनिवारी तळ्याकाठच्या नाचमंडपात प्रायोगिक अकॉर्डियन आहे, येणार का. म्हटलं, प्रायोगिक म्हणजे आपला जीव की प्राण! (कधी ऐकलेलं नाही. पण आजोबा लग्नात अकॉर्डियन वाजवायचे. रक्तातच आहे.)

कार्यक्रमानंतर नेहमीचा नाच. पहिली फेरी बायकांची: त्या येऊन विचारणार, आम्ही बाकावर बसून वाट बघणार. मी वर्षानुवर्षं तो बाक तापवतोय. या शनिवारी आउलिक्की मलाच उठवणार. ठरलं.

५ जुलै
अभ्यास सुरू. रेडिओवर लावलं. बराच वेळ नुसता भात्याचा श्वास, सूर नाहीच. नंतर गाढ एकाग्रता लागली. इर्याताईने गदागदा हलवलं. म्हणाली, तायस्तो, बटाटे करपले, घोरतोस काय! ताईला कलेतलं काही कळत नाही.

६ जुलै
आउलिक्कीला समजावून सांगितलं: खरा रसिक डोळे मिटून ऐकतो. अशा माणसाला चुकूनही हात लावू नये, तंद्री मोडते. म्हणाली, बरं झालं सांगितलंत. सुतार ओस्मो शेजारीच होता. म्हणाला, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण येईन. बिचारा. अज्ञान असं चव्हाट्यावर मांडू नये.

८ जुलै, दुपार
सौनाच्या गरम वाफेत बसलो. सॉसेज खाल्लं. बियर एकच. (दुसरी सौनात घेतली, ती घामात गेली.) शर्ट इस्त्रीचा. अंग कसं हलकं झालंय. आज जिंकणार.

९ जुलै
डोकं जड. काल रात्री डोळे उघडले तेव्हा मंडप रिकामा, खुर्च्या रचत होते.

सकाळी ओस्मो घरी आला होता. म्हणाला, वा रे पठ्ठ्या, भात्याचा श्वास आणि तुझं घोरणं अगदी तालात! तांपेरेहून आलेली ती वाजवणारी पोरगी दोनदा वाकून बघत होती, साथीला कोण बसलंय म्हणून.

दुपारी आउलिक्कीचा फोन. बायकांच्या फेरीला ती सरळ माझ्याकडेच आली होती म्हणे. टँगो सुरू झाला, तरी माझे डोळे मिटलेले. उभी राहिली, वाट पाहिली. मग आठवलं, हात लावू नये. म्हणून शेजारच्याला विचारलं. शेजारी ओस्मो. त्याचे डोळे उघडे होते.

मलाच विचारायला आली होती. फार वाईट वाटलं. ताईला सांगितलं, तर ती हसलीसुद्धा नाही.

१० जुलै
गुरुवारी पुन्हा नाच आहे. आउलिक्की आणि ओस्मो जोडीने जाणार आहेत. मलाही आग्रहाने बोलावलंय. ती म्हणाली, बाकावर कोपऱ्यातली जागा तुमच्यासाठी धरून ठेवू, तिथे तुम्हाला कुणी त्रास देणार नाही.