मागची पानं शिवून टाकली

तीर्थरूप आई,

लांबूनच, पण अगदी वाकून नमस्कार.

जिंकलो गं! स्कॅनवरची गाठ बघून ती निमूट बसणारी की पसरणारी, हे सुई टोचून तुकडा तपासायच्या आधीच सांगायला आम्ही संगणकाला शिकवतोय ना, तो आज पास झाला.

मागे तो सगळी उत्तरं बरोबर देत होता आणि मी फोनवर नाचले होते, आठवतं? लबाडी होती सगळी. आमचे थोरले डॉक्टर संशय आला की स्कॅनच्या कोपऱ्यात बारीकसा बाण काढतात. पठ्ठ्या गाठ बघतच नव्हता, बाण बघून उत्तर ठोकत होता! मग तुझाच उपाय केला. माझ्या गणिताच्या पुस्तकातली मागची उत्तरांची पानं तू सुईदोऱ्याने शिवून टाकली होतीस. तसे मी सगळे कोपरे झाकले आणि त्याला पहिल्यापासून शिकवलं. सहा महिने गेले.

आज पन्नास नव्या पेशंटचे प्रयोगशाळेच्या निकालांचे बंद लिफाफे सगळ्यांसमोर फोडले. सेहेचाळीस बरोबर! कधी न हसणारे थोरले डॉक्टर चक्क टेबल बडवत होते.

मी वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आणि तुझ्या काखेतली गाठ. "दुखत नाही, म्हणजे काही नसणार," म्हणालीस. गणित न सोडवता उत्तर लिहिलं की तू मला भोपळा द्यायचीस. सोमवारी बाबांना सोबत घेऊन डॉक्टरांकडून ती तपासून घे. मी दिवसभर फोन हातातच धरून बसणार आहे.

तुझीच,
एकेकाळची भोपळेबहाद्दर