शकूच्या घरची भुलाबाई

२२ सप्टेंबर १९५६, तामसी
गेल्या वर्षी शकूची आई गेली, म्हणून पोरींच्या गाण्यांची भुलाबाई घरी बसवली नव्हती. आज शेजारच्या गंगावहिनी श.ला टिपऱ्या देऊन आपल्या घरी घेऊन गेल्या. मीही मागे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तरी समोरच्या पोरीच्या हातांकडे बघून ठेका बरोबर धरते. मग खाऊ ओळखायची वेळ. वहिनी झाकलेला डबा हलवतात, पोरी आवाजावरून ओरडतात, फुटाणे! शेंगा! श. तेवढा वेळ भिंतीला टेकून.
घरी आल्यावर नीट जेवली.

३० सप्टें.
कचेरीत एकच विषय, राज्याची वाटणी. मराठवाडा मुंबईकडे, आपण आंध्रात. माझी हयात कचेरीच्या उर्दूत गेली, आता तेलुगू. नवे साहेब बोलतात तेव्हा नुसता तोंडाकडे बघत राहतो. श. माझ्याकडे बघते तसा.
घरी तिला साहेबांची नक्कल करून दाखवली. हसून हसून उचकी लागली.

१४ ऑक्टो., दसरा
अक्का, माझी थोरली बहीण, यवतमाळहून आली. कोजागिरीपर्यंत आहे. सोनं देऊन पाया पडलो, तर पहिलं वाक्य, "बाईमाणसाबिगर मुकी पोर कशी वाढवशीन रे? भाऊबीजले येशीन तवा तिले माह्याकडंच ठेव."
 तिचंही खोटं नाही. वेणी मला अजून धड येत नाही. पण श.शिवाय हे घर...

१७ ऑक्टो.
आज भुलाबाईच्या खाऊची पाळी आपल्या घरी. "खाऊ मी करून देतो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. नको म्हटलं. मुद्दाम शिरा केला. डबा वाजणारच नाही, म्हणजे सगळ्या सारख्या. फार हुशारी केली असं वाटलं.
पोरी चिडल्या. "काका, डबा वाजूनच नाई राह्यला! वळखावं कसं?"
 श.ने डबा माझ्या हातातून काढून घेतला, खाली ठेवला. धोतर खोचल्यासारखं केलं. चूल फुंकली, डोळे पुसले, ढवळलं, पुन्हा डोळे पुसले. चव घेतली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.
"शिरा!"
"करपेल शिरा!"
करपला होताच. पोरींनी तिच्याकडून तीनदा माझी चूल फुंकवून घेतली.
अक्का पदरात तोंड लपवून हसत होती. म्हणाली, "सुमन असती तं कढई पाहून तुले घराबाहेर काढलं असतं." वर्षभरात पहिल्यांदाच या घरात शकूच्या आईचं नाव निघालं आणि कुणी रडलं नाही.

२० ऑक्टो.
अक्काला बसवर सोडलं. "भाऊबीजचं इसरू नको."
"आणि शकूचं?"
"मले काऊन इचारतं? तूच ठरव."
आजवर तिने मला कधी काही ठरवू दिलं नव्हतं. 

१ नोव्हें.
आजपासून नवं राज्य. कचेरीत भाषण झालं, पेढे वाटले. भाषणातलं अर्धं समजलं असेल.
परत आलो तर ओसरीवर श. आणि वहिनींची मुलगी समोरासमोर बसून हातांनी कुणाची तरी निंदा चाललेली. मला बघून दोघी एकदम गप्प. बरं वाटलं.
भाऊबीजेसाठी पिशवी भरली. श.चे दोनच परकर ठेवले, दोन दिवसांपुरते. ती आणखी एक घेऊन आली, मग आणखी एक. यवतमाळला जायचंय एवढं तिला कळलंय. किती दिवस, ते हाताने कसं सांगायचं? तेच विचारत होती बहुधा. तूच ठरव म्हणून मी पिशवी तिच्यापुढे सरकवली.