चाळीस अन् चाळीस

प्रिय अनुपमा,

सप्रेम जय भीम. त्यावर तुझ्या घरच्या रिवाजानं तुझं शरणू शरणार्थी पोचलं असं धरून चालते.

वर नुसतं अनुपमा लिहिलंय, मॅडम लिहिलं न्हाई, म्हणून रागवू नको. शाळेच्या फाटकाच्या आत तुमी मॅडम अन् माझ्या ओट्यावर आलं की तू, असं तूच ठरवून घेतलं होतंस. मी ओट्यावर बसूनच लिहायलेय. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलंबी अर्धं वर्ष कापूस वेचण्यात गेलेलं, तवा अक्षराला नावं ठेवायची न्हाईत. फोन सोडून कागद कशाला, असं तुला वाटंल. फोनवर माझं तोंड कसं चालतं ते तुला ठाऊक हाय. हं, बरं, ठेवते. त्याच्या पुढं गाडीच जात न्हाई.

पहिल्यांदा कामाचं सांगते. हेडसर तुझी खोली मागायलेत. शाळेत नवीन नवराबायको आलेत, दोघंबी मास्तर, बुद्धभूषण अन् सुकेशनी. परभणीहून रोज मोटरसायकलवर ये-जा करतात. तिला पाचवा महिना लागलाय, अन् आपला रस्ता कसा हाय ते तुला सांगायला नको. पहिल्यांदा हेडसर आले तवा मी म्हणले, खोलीचं छत गळतंय. ते वर बघून म्हणाले, बाई, जानेवारीत? दुसऱ्यांदा म्हणले, माझा धम्मपाल यायचाय पुण्याहून बायकोला घेऊन. तो काही येत न्हाई, हे गावातल्या कुत्र्यालाबी माहीत हाय. परवा परत आले तवा म्हणले, सोमवारी सांगते. आज रविवार हाय.

तू गेलीस तवापासून खोली खाली हाय. लोक म्हणतात बाईचं डोकं फिरलं. पिंकी गंगाखेडहून आली की तीच सुरू करती, आई, त्या मॅडमला बदलीत त्यांचं स्वतःचं गाव भेटलंय, त्या काय इथं परत येणार हायेत का? मी म्हणते, तू तुझ्या सासूचं बघ. पण पोरगी खोटं बोलत न्हाई. अन् खोली खाली म्हणजे तशी खालीबी न्हाई. तुझी तापमापी अजून खिळ्याला लटकलेली हाय. रोज सकाळी झाडायला गेले की लाल रेघ कुठवर आलीय ते वाचते. आज पंधरावर होती. वाचलेलं सांगायचं कुणाला? शाळेत माझ्यासंगं पोरांची खिचडी शिजवणाऱ्या धुरपताबाईला एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, थंडी हाय का गरमी ते अंगाला कळतंय की, त्याला काच कशाला लागती? अगदी मीच बोलल्यासारखं बोलली. मला हसू आलं. वळून बघितलं तर ज्याच्यासंगं हसायचं ते माणूस तिथं न्हाई.

तू आलीस तवा मला वाटलं होतं, ही पोरगी पंधरा दिवस टिकायची न्हाई. गावातल्या मोठ्या माणसांनी तुला समजावलं होतं, मॅडम, तुमी लिंगायत, तुमाला वरल्या आळीत चांगली खोली बघून देतो, तिकडं बौद्धवाड्यात कशाला? तू म्हणालीस, तिथून शाळा जवळ पडते. बस्स, एवढंच. अन् पहिल्याच संध्याकाळी मी भाकरी थापायलेय तर तू माझ्याम्होरं उकिडवी बसलीस अन् विचारलंस, मावशी, भिंतीला टेकवलेलं हे स्टीलचं ताट अन् हा लाकडाचा पाट, दोघांत जास्त थंड कोण? मला वाटलं पोरीला ऊन लागलंय. म्हणले, हात लावून बघ की, ताट थंड, आंधळ्यालाबी कळंल. तू एवढी खूश झालीस, जसं काही मी तुला लुगडं नेसवलं. म्हणालीस, माझी पोरं उद्या हेच म्हणणार! मग तापमापी ताटाला लावलीस, पाटाला लावलीस, रेघ दोन्हीकडं एकाच जागी. ताट हातातली ऊब झरझर ओढून घेतं, पाट हळू ओढतो, म्हणून हात फसतो, असं तू सांगायलीस. मी म्हणले, हात माझा हाय, फसंल कसा, तुझी काच खोटी हाय. त्या नादात भाकरी करपली अन् तीच तू खाल्लीस.

मग तो रिवाजच पडला. उद्याच्या धड्यातला प्रश्न आदल्या संध्याकाळी माझ्यावर. मी ठणकावून चुकायचे, तू हसत हसत वहीत टिपायचीस, अन् दुसऱ्या दिवशी वर्गात तिथूनच सुरू करायचीस. एकदा तर तू मला खिचडी सोडून वर्गात बोलावलंस. आठवतंय ना? एका गडव्यात चाळीस डिग्रीचं कोमट पाणी, दुसऱ्यात तेवढंच, चाळीसचंच. दोन्ही एका बादलीत ओतलं तर किती होईल? मी पदराला हात पुसत म्हणले, त्यात विचारायचं काय, चाळीस अन् चाळीस ऐंशी, बाजारात कुणालाबी विचार. पोरं खदाखदा हसली. तू ओतलंस, रेघ चाळीसवरच. मला वाटलं जमीन फाटावी. मग तू म्हणालीस, ज्यांनी ऐंशी लिहिलंय त्यांनी पाटी वर करा, तर निम्म्या पाट्या वर. हसणारी कार्टीबी त्यातच! पाणी वाढलं, पण तापलेपण वाढलं न्हाई, असं तू फळ्यावर लिहिलंस. अन् म्हणालीस, चुकायचं तर मावशीसारखं चुका, मोठ्यानं. तवापासून पोरं मला ऐंशी मावशी म्हणतात. तू लावलेलं नाव हाय ते, अजून चालू हाय. परवा पहिलीतल्या एका टिल्ल्यानं विचारलं, ऐंशी मावशी, तुमचं वय हाय का ते? पळी फेकून मारली त्याला, लागली न्हाई.

अन् वाकळीचं प्रकरण. येलदरी धरणाचे मासे विकायला येणाऱ्याकडून तू बर्फ आणलास. मासा दिसला की तोंड फिरवणारी तू, बर्फासाठी त्याच्या पेटीत हात घालून उभी! एक खडा ताटलीत उघडा ठेवलास अन् दुसरा, मला न विचारता, माझ्या वाकळीत गुंडाळलास. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं न्हाई. वाकळ गरम असती, त्यात बर्फ ठेवला तर आधी विरघळंल, हे शेंबड्या पोराला कळतं. अन् त्यात वाकळीला माशाचा वास. अन् ती वाकळ म्हणजे दत्तरावांचे सदरे. मालक गेल्यावर मी ते उसवून त्यांचे थर लावले, हे तुला तवा माहीत नव्हतं. बर्फ उघडा होता तो पाणी झाला, वाकळीतला तसाच. तू म्हणालीस, मावशी, वाकळ स्वतः गरम नसती, ती निस्ती राखण करती. आत ऊब असंल तर ऊब राखती, बर्फ असंल तर बर्फ. त्या वेळी मी तुला वाकळ धुवायला लावली. पण आता या थंडीत पडल्या पडल्या ते आठवतं. मी इतकी वर्षं म्हणायचे, वाकळ जुनी झाली, पूर्वीसारखी गरम राहिली न्हाई. वाकळीचं काही बिघडलं नव्हतं.

आता मानवतच्या स्टँडचं बोलते, ते बोलायलाच पाहिजे. तू एसटीत बसलीस, खिडकीतून माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस, अन् मी काय केलं तर तुझ्या ट्रंकेवरून कंडक्टरशी भांडले. डोळ्याला पाण्याचा टिपूस न्हाई. गाडी हलली तवा तुझं तोंड पडलेलं मी बघितलं. तुला वाटलं असंल, चार वर्षं एका चुलीचं खाल्लं अन् बाईला काहीच न्हाई. अनुपमा, तूच पातेल्यात बर्फ घालून खाली स्टोव्ह लावला होतास ना? मी म्हणले होते, खाली जाळ हाय म्हणल्यावर रेघ चढंलच. तू हलवत राहिलीस, पोरं मान लांब करून बघत राहिली, रेघ शून्यावरून हलायला तयार न्हाई. मी चिडून विचारलं, मग एवढा जाळ गेला कुठं? तू म्हणालीस, बर्फाला पाणी करण्यात गेला. शेवटचा खडा विरघळंपर्यंत बाहेरून काही दिसायचं न्हाई. तर तसं समज. माझी रेघ हलली ती श्रावणात. खिचडीला उकळी आल्यावर धुरपताबाईनं जाळ बारीक केला अन् म्हणाली, उकळलेलं पाणी जास्ती जाळानं जास्ती तापत न्हाई, मॅडमनं सांगितल्यालं हाय. ती आपली गॅस वाचवायचं बोलायलेली. अन् मी तिथंच पातेल्यावर वाकून हुंदके द्यायले. धुरपता म्हणाली, वाफ लागली व्हय डोळ्याला? मी म्हणले, हां, वाफ.

एक गोष्ट तुला कधी सांगितली न्हाई. पहिल्या वर्षी मी खरंच चुकायचे. पुढं पुढं थोडं कळायला लागलं होतं. बर्फाच्या लोट्याला बाहेरून घाम येतो तो लोट्यातून पाझरत न्हाई, हवेतनं येतो, हे मला तू विचारायच्या आधी माहीत होतं. पोरांनीच जेवताना सांगितलं होतं. तरी मी म्हणले, लोटा गळका हाय. कारण एक-दोनदा मी बरोबर सांगून बघितलं होतं. तू हं म्हणालीस अन् खोलीत वह्या तपासायला गेलीस. चुकले की मात्र तू ओट्यावर मांडी घालून बसायचीस, अन् चूल विझंपर्यंत आपलं भांडण चालायचं. ताट-पाटाचं मात्र मला अजून खरंच पटलेलं न्हाई. ताट थंडच असतं.

तर हे सगळं कशाला लिहिलं ते ऐक. खोली मी द्यायलेय. शुक्रवारी ती सुकेशनी मोटरसायकलवरून उतरली तर तोंड पांढरंफटक, पाठीला हात लावून स्वयंपाकघराच्या दारातच बसली. माठातलं पाणी दिलं, ते गटागटा प्याली अन् म्हणाली, मावशी, तुमच्याकडं खोली हाय म्हणतात, पण गळती म्हणे. मला माझीच लाज वाटली. उद्या हेडसरांना हो म्हणते. पण दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर यायच्या आधी मी सांगायचं, म्हणून हा कागद. अन् दुसरं, दिवाळीतला फोन. तू म्हणालीस, मावशी, इथं पोरं चुकतच न्हाईत, भिऊन गप बसतात; अन् घरात सगळे हायेत, तरी बोलायला कुणी न्हाई. मग तुझा आवाज फुटला. मी म्हणले, दूध उतू जायलंय, ठेवते. त्यानंतर तुझा फोन न्हाई. अनुपमा, चुलीवर दूध नव्हतं. चूलच पेटलेली नव्हती, एकटीसाठी मी एकदाच पेटवते. मला वाटलं, हिकडं माझं रडू, तिकडं तुझं, दोन्ही एका जागी आलं तर ऐंशी होईल अन् आपल्याला झेपायचं न्हाई. सगळ्या वर्गासमोर शिकून आले अन् परत तिथंच चुकले. तुझं चाळीस अन् माझं चाळीस, मिळून चाळीसच व्हतं गं. म्हणून आता फोन कर. बदलून ये म्हणत न्हाई, खोली तर देऊन टाकली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलीस तर माझ्याजवळ ओट्यावर झोप, वाकळ हायच. तापमापी तेवढी मी माझ्या घरात आणून टांगते, ती देणार न्हाई. अन् फोनवर रडलीस तर रड, मी ठेवणार न्हाई. न्हाईतर पहिल्यासारखा उद्याच्या धड्यातला प्रश्न विचार. तू फक्त विचार. चुकायचं माझ्याकडं लागलं.

तुझीच,
ऐंशी मावशी
(धम्मशीला)