पोटुशी की पाण्याने फुगलेली

सोमवार, ४ नोव्हेंबर

दुसरी मासोळीही गेली. सकाळी तळाशी आडवी होती. खवले सगळे उभे, पाइनच्या बोंडासारखे. जलोदर. पहिलीचं पोट फुगलं तेव्हा मला वाटलं, पोटुशी आहे! मरेपर्यंत तिचं कौतुक करत बसले.

आता एकच मादी. नर नाही, उन्हाळ्यात माझा ओताकर इस्पितळात असताना तो टाकीतून उडी मारून बाहेर पडला. पण तलवारशेपटीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. नर मेल्यावरही महिनोन् महिने विते. हे ओताकरनेच कधीतरी सांगितलेलं. ऑगस्टमध्ये त्याच्या अंत्यविधीहून घरी आले तेव्हा तिघी व्याल्या होत्या — आणि पिल्लं आयांनीच खाल्ली होती. वेगळी काढायची असतात हे मला कुठे ठाऊक.

काळ्या तलवारीचा वाण, फक्त नराच्या शेपटीला फुटणारं काळं पातं. त्याने उभं आयुष्य घालवून काढलेला. मत्स्यमंडळात सगळ्यांनी मागितला, कुणाला दिला नाही. हट्टी.

ही गेली की संपला. आणि हिचंही पोट वाढतंय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कुबीचेकना फोन केला. ओताकरबरोबर खाणीत होते, मग मत्स्यमंडळात. उन्हाळ्यात मी ओताकरपाशी इस्पितळात असताना घराची किल्ली त्यांच्याकडेच होती. ट्राम पकडून लगेच आले. बूट दाराशी काढले, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं, वर चढून टाकीत वाकून बघत राहिले.

"वहिनी, माशाचं पोट समोरून बघायचं नसतं. समोरून सगळ्याच पोटुशा दिसतात. मीसुद्धा."

मलाही चढवलं. वरून पाहिलं. मानेजवळचे खवले किंचित उचललेले. शेपटीकडे गर्भाचा काळा डाग.

"म्हणजे काय समजायचं?"

"दोन्ही. पोटुशीही आहे, पाणीही झालंय." मग म्हणाले, "खायला काय घालता?"

"लाल जंत. पोटुशींना ते लागतात ना?"

"ठेवता कुठे?"

"कुठे म्हणजे? संडासाच्या टाकीत."

आपल्याकडे सगळे तिथेच ठेवतात. दुकानातून जंतांचा गोळा आणायचा, जाळीत घालून टाकीत टांगायचा. पाणी सोडलं की नवं गार पाणी येतं, जंत ताजे राहतात. आमची रेनाता लहानपणी मैत्रिणींना पाच मिनिटं झाकण उघडून दाखवायची.

कुबीचेकनी झाकण उचललं. वास घेतला.

"वहिनी, घरात माणसं किती?"

"मी."

"मग पाणी सोडतं कोण?"

पूर्वी आम्ही तिघं. दिवसभर कुणी ना कुणी आत. आता मी सकाळी ग्रंथालयात जाते ती संध्याकाळी येते. साचलेल्या पाण्यात जंत कुजत होते. तेच मी त्यांना वेचून वेचून भरवले.

कुबीचेक जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून खाली कचऱ्यात टाकून आले. हात धुताना म्हणाले, "आजपासून जंत आमच्याकडचे. दोन नातवंडं आहेत, दिवसभर आत-बाहेर. आमचे जंत राजवाड्यात राहतात."

मी हसले. खूप दिवसांनी.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कुबीचेकनी कडू मीठ आणायला सांगितलं होतं. औषधाच्या दुकानातली मुलगी मोठ्याने — "जुलाबाचं ना? रात्री कोमट पाण्यातून घ्या."

"मला नको. माशाला हवंय."

मागचा म्हातारा म्हणाला, "माशाला पोट साफ होत नाही? मग आमचं काय!"

काचेच्या वाडग्यात वेगळी ठेवली. चिमूटभर मीठ. मीठ अंगातलं पाणी ओढतं म्हणे. वाडग्यावर माझा निळा रुमाल, घाबरू नये म्हणून. दोन वेळा खाल्लं तिने. देवा, तुझे उपकार.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पाणी उतरत नाही. खवले आता समोरूनही दिसतात.

रेनाताचा ब्रनोहून फोन. "आई, एक मासा आहे तो!"

"हो. एकच आहे."

मग तिनेच विचारलं, "काय खाते ती?" माझी मुलगी गुणी आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

कुबीचेक बाजार सोडून इथे. रविवारचा माशांचा बाजार ते तापातही चुकवत नाहीत. बायकोने जिऱ्याचं सूप दिलं होतं बरणीत. त्याच पिशवीत दुसऱ्या बरणीत जंत. "नीट बघून उघडा," म्हणाले.

मी विचारलं, "जगेल?"

"ही नाही. पिल्लांचं सांगता येत नाही."

खोटं बोलले नाहीत, बरं वाटलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

वितेय! चहा ओतताना दिसलं. सुट्टी टाकली.

पिल्लू गुंडाळलेलं बाहेर येतं, क्षणभर खाली जातं, मग उलगडतं. पण कितीतरी उलगडलीच नाहीत. काही उलगडली नि तळाशी घसरत राहिली — मसुराएवढी पोटं, वर येण्याची धडपड.

फोनवर कुबीचेक ओरडत होते. "पाणी कमी करा! बोटभर ठेवा! वर यायला दम लागतो त्यांना, हवेपर्यंत पोचू देत!" पेल्याने उपसत गेले. एकही पेल्यात येऊ दिलं नाही.

ती शेवटपर्यंत वीत राहिली. एकाही पिल्लाकडे तोंड वळवलं नाही, खायला नाही. दुपारी कलंडली, श्वास मात्र चालू. कुबीचेक आले. वाटीत लवंगेचं तेल पाण्यात फेटलं. झोपवतं ते, मग काही कळत नाही. वाटी मी धरली.

"पोरीने काम पुरं केलं," म्हणाले.

त्यांनी टोपी काढली होती. माशासाठी! मी ते विसरणार नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

फुगलेली बरीच गेली. चमच्याने काढते. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, टाचणीच्या डोक्याएवढा. त्यातलंही उरतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज एकही गेलं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

तळाशी घसरणारं शेवटचं पिल्लू आज वर आलं. पोट अजून गोल, पण आलं! बाकीची त्याच्याभोवती फिरतात. वाडग्यातून टाकीत सोडली सगळी. काचेवर नाक लावून कितीतरी वेळ बसले होते.

कुणाकुणाचे उपकार मानू? कुबीचेक. त्यांची बायको, जिला मी अजून नीट भेटलेही नाही. त्यांची दोन नातवंडं, दिवसभर आत-बाहेर करणारी. औषधाच्या दुकानातली ती मुलगी — काल रस्त्यापलीकडून ओरडली, "मासा कसा आहे?" ग्रंथालयातल्यांना ठाऊक झालंय, आता सकाळी कुणी माझी तब्येत विचारत नाही, पिल्लांची विचारतात. तेच बरं आहे.

ओताकर गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण शोधावं लागलं नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

ठरवलं. वसंतातल्या प्रदर्शनात ही पिल्लं ओताकरच्या नावाने ठेवायची. कुबीचेकना सांगितलं. त्यांनी मान हलवली. लवकर निघून गेले.

रविवार, ८ डिसेंबर

कुबीचेक आले, कोट काढेनात. "वहिनी, दोन-तीन महिन्यांत नरांना तलवारी फुटतील. पिवळ्या. तेव्हा कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो."

जुलैत वीज गेली होती, दिवसभर. हवेचा पंप बंद, टाकीचं पाणी उन्हाळ्याने तापलं. ओताकरचे सगळे मासे मेले. नराने उडी वगैरे मारली नव्हती. त्या तीन माद्या कुबीचेकच्या घरच्या. माद्या सारख्याच दिसतात. नर आणला असता तर मी ओळखलं असतं.

म्हटलं, "ओताकरला सांगितलं नाहीत ना?"

"त्यालाच आधी सांगितलं. बराच वेळ छताकडे बघत होता. मग म्हणाला, हिला बोलू नकोस. तुझ्याकडच्या ने तीन. पोटुशा बघून ने — नुसत्या असल्या तर ती त्यांच्याकडे बघणार नाही."