मसिराला पाच जण

रविवार, १ जून २०२५, पोशीर

नवं घर, नवी वही. बुधवारी कर्जतला रजिस्टर लग्न झालं आणि काल बदलापूरचं सगळं बिऱ्हाड टेंपोत घालून मी आणि समिधा इथे आलो. चौतिसाव्या वर्षी, आठ वर्षांची लेक बरोबर घेऊन, स्वतःला नवी नवरी म्हणवून घ्यायची लाज वाटते. पण खरं सांगायचं तर फार बरं वाटतंय. पहिला संसार सुशांतच्या अपघातात बुडाला त्याला चार वर्षं झाली. दुसऱ्याची आशा मी सोडूनच दिली होती.

हरेश साजगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. स्वभावाने गरीब, बोलायला त्याहून गरीब. घरात त्याची आई सोनुबाई आणि मोठी बहीण ललिताताई. सासरे, मोरूबाबा, गेल्या माघात गेले. घर कौलारू, पुढे ओटा, मागच्या दाराला लागूनच भाताची शेतं. समिधाने दिवसभरात तीन बेडूक आणि एक खेकडा पकडून दाखवला.

इथे एक रीत आहे. दिवेलागणीला घरामागच्या बांधावर सागाच्या पानावर भात ठेवायचा. ज्याच्यासाठी ठेवतात त्याला नाव नाही, नुसतं 'बांधावरचा' म्हणतात. शेताची राखण करतो म्हणे. घरात नवं माणूस आलं की त्याला बांधाशी उभं करून विचारायचं, "ह्ये घर कोणाचं?" मला विचारलं तेव्हा मी पदर सावरत "तुमचंच की, आई" म्हणाले. सुनेने आल्या दिवशी घरावर हक्क सांगायचा नसतो एवढी अक्कल आहे मला. समिधाला विचारलं तर ती केवढ्याने ओरडली, माझं! सगळे हसले आणि सासूबाईंनी भाताचं पान तिच्याच हातात दिलं. भाड्याच्या खोलीत चार वर्षं 'भिंतीला खिळा ठोकू नको, घर आपलं नाही' हेच ऐकत आलेली पोर ती. माझे डोळे भरून आले.

शनिवार, ७ जून

आज जेवताना हरेशने घोषणा केली. शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, एकदा आटपली की सगळ्यांनी परदेशी सहलीला जायचं. पाच जण. आखणी अर्थातच माझ्याकडे, कारण अकरा वर्षं मी टूर कंपनीत दुसऱ्यांच्या सहली आखण्यातच घालवली. स्वतः शिर्डीच्या पुढे गेले नाही. दिव्याखाली अंधार. माझा आणि समिधाचा पासपोर्ट तीन वर्षं कोरा पडून आहे.

मी उत्साहाने बाली काढलं, श्रीलंका काढली, व्हिएतनाम काढलं. सासूबाईंचा प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "तितं भात पिकतो का गं?" पिकतो म्हटलं की ते ठिकाण बाद. चिखल नको, तळं नको, झाड नसलं तर उत्तम. असलं गिऱ्हाईक मला अकरा वर्षांत भेटलं नव्हतं. शेवटी गंमत म्हणून ओमानजवळचं मसिरा बेट दाखवलं. नुसते खडक, वाळू आणि वारा. ऑगस्टमध्ये तर असा वारा की लोक तिथे पतंगाला लटकून लाटांवर घसरायला येतात. फोटो बघून सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "हां! तितंच."

हौसेला मोल नाही म्हणतात. वाळवंटाची हौस असलेली सासू मात्र मलाच मिळाली.

गुरुवार, १९ जून

मुंबईहून विमानाने मस्कत, तिथून सहाएक तास गाडीने शन्ना बंदर, मग दीड तास बोट. तेरा ते अठरा ऑगस्ट. गणपतीच्या आधी परत. आराखडा भिंतीवर चिकटवलाय.

व्हिसासाठी फोटो शोधताना ललिताताईंनी जुने अल्बम काढले. महाबळेश्वर, गोवा, म्हैसूर. ही माणसं बरीच हिंडलेली आहेत. पण मोरूबाबा एकाही फोटोत नाहीत. फोटो तेच काढत असतील म्हणून मी विचारलं, तर ताई म्हणाल्या की बाबा कधी आलेच नाहीत. कर्जतजवळच्या कोंढाण्याहून घरजावई म्हणून आले आणि चाळीस वर्षांत एक रात्र बाहेर झोपले नाहीत. घर राखायला कोणीतरी लागतं ना, म्हणाल्या. सांगताना त्यांनी अल्बम माझ्या हातातून काढून घेतला, अगदी हळू, पण घेतला.

समिधा रोज संध्याकाळी भाताचं पान घेऊन पळते. तिला ती भातुकली वाटते. कोणी दुसऱ्याने पान उचललं तर रुसते.

रविवार, ६ जुलै

आवणी चालू आहे. कंबर मोडली, पण मजाही आली. डोंगरातल्या ठाकूरवाडीवरून वनिता मदतीला येते. हसरी बाई, पण दुपारी चारनंतर एक क्षण थांबत नाही. आमच्या घरचा भात खात नाही. भाकरी बांधून आणते. विचारलं की नुसती हसते.

एक गोष्ट आता लक्षात आली. माघापासून, म्हणजे मोरूबाबा गेल्यापासून, या घरातलं कोणी रात्री बाहेर राहिलेलं नाही. हरेश रात्रपाळी घेत नाही. ललिताताई मावसभावाच्या लग्नाला पुण्याला गेल्या आणि हळद बघून त्याच दिवशी परत आल्या. मला आधीच संशयाचं अंग, माझी आई म्हणायची की आमच्या निशीला दुधातही माशी दिसते. म्हणून मी स्वतःला दटावलं. चांगली माणसं मिळालीत, उगाच खोट काढू नये.

सोमवार, १४ जुलै

माशी होतीच.

व्हिसाच्या कागदांना मी नेहमी रजेचं पत्र जोडते. हरेश आज देतो उद्या देतो करत होता, म्हणून सरळ कारखान्यात फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, रजा कसली, त्यांनी राजीनामा दिलाय, एकतीस जुलैला मोकळे होणार.

संध्याकाळी विचारलं. आधी मान खाली, मग म्हणाला की मस्कतला ओळखीने काम मिळतंय, तुला अचानक सांगून खूश करणार होतो. मी हसले. हसताना त्याच्याकडे बघत होते आणि तो ललिताताईंकडे बघत होता.

मंगळवार, २२ जुलै

समिधाला पोहण्याचा चष्मा आणून दिला. तिने तो परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली की मी येणार नाही. का, तर तो उपाशी राहील.

कोण, म्हणून विचारलं. दटावलं, जवळ घेतलं, चॉकलेट दिलं. शेवटी म्हणाली की आजीने सांगायला नको म्हटलंय.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "प्वार हाय ती, काय बी बोलंल. तू नको मनावर घेऊ गं." पण त्यांच्या हातातली चाळण थांबली होती. आजपासून पान मीच ठेवणार म्हणून गेले. समिधाने हाताला कडकडून चावा घेतला. माझ्या लेकीने आजवर मला कधी चिमटाही काढला नव्हता.

शनिवार, २ ऑगस्ट

सामान बांधणं सुरू आहे. सासूबाईंच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत देव सापडले. देव्हाऱ्यातले टाक, बाळकृष्ण, सगळे. देव्हाऱ्यात नुसती समई.

सहा दिवसांच्या सहलीला कोणी घरचे देव घेऊन जातं का? देव हलतात ते घर सोडताना.

वनिताला बाजूला घेऊन विचारलं. तिने आधी कानांना हात लावले, मग सांगितलं. या घरात कायम एक माणूस राखणीला लागतं. बाहेरून आलेलं, आणि ज्याने बांधाशी उभं राहून घर आपलं म्हटलंय असं. ते असलं की बाकीचे मोकळे. ते माणूस हद्दीबाहेर गेलं तर सुकून मरतं. ते नसेल किंवा मेलं, आणि बाकीचे लांब असले, तर जिथे चिखलपाणी असेल तिथून त्यांना हाक येते. म्हणून सासूबाईंना वाळवंट हवं होतं. "तुजी पोरगी बोलली ना वयनी," एवढंच म्हणून ती निघाली.

माझं, असं म्हणाली होती ती. केवढ्या आनंदाने.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पळाले. सकाळी शाळेची रिक्षा म्हणून समिधाला बसवलं आणि थेट नेरळ स्टेशन सांगितलं. गावाच्या हद्दीवरचा पूल ओलांडला आणि तिचे ओठ फुटायला लागले. बाटली तोंडाला लावली, पाणी गिळेना. जीभ कोरडी खडखडीत. डोळे पांढरे झाले. रिक्षावाला दवाखान्यात नेऊ म्हणत होता. मी किंचाळून मागे फिरायला लावलं. पूल येताच तिने सगळी बाटली प्यायली आणि म्हणाली, आई, घरी चल ना.

दारात तिघं उभी होती.

बुधवार, ६ ऑगस्ट

हरेशची गचांडी धरली. रडला. म्हणाला की राखणीला तुलाच आणली होती. पण तू 'तुमचंच' म्हणालीस आणि पोरीने मध्येच तोंड उघडलं. त्यात आमचा काय दोष? त्याचा चेहरा बघवत नव्हता. मेला असता तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि तसं त्याला म्हणालेही.

मग विचारलं, आता बदलता येईल का. तो आईशी बोलून आला. येईल म्हणाला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

बांधाशी उभी राहिले. माझं घर, असं तीनदा म्हणाले. पान मी ठेवलं. समिधा शांत उभी होती, चावली नाही.

पाण्यातून काहीतरी जवळ आलं. लाट नव्हती. रोपं नुसती बाजूला झाली.

शनिवार, ९ ऑगस्ट

हरेशने समिधाला मोटरसायकलवर नेरळपर्यंत नेऊन आणलं. मी हद्दीबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून घरीच. काही झालं नाही म्हणाला. नारळपाणी प्यायली, वडापाव खाल्ला.

सुटली. माझी पोर सुटली. ती यांच्याबरोबर जाईल, मस्कतला माझी शाळेतली मैत्रीण आहे, तिला सगळं लिहून कळवलंय. ती समिधाला ताब्यात घेईल. माझं काय व्हायचं ते होवो.

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळी गेले. निरोप द्यायला राखणीच्या माणसाने ओट्याखाली उतरायचं नसतं म्हणाले, म्हणून वरूनच हात केला. गाडीच्या मागच्या काचेतून समिधा बघत होती. रडली नाही. मी खूप रडले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

हरेशचा मेसेज. पोचलो, सगळे मजेत. समिधाला फोन दे म्हटलं. झोपलीय. तासाने, नेटवर्क नाही. मग, बाथरूममध्ये.

मैत्रिणीचा फोन. विमानतळावर दोन तास उभी होती. तिघंच बाहेर आली म्हणते. तिघंच. चुकलं असेल तिचं—

नेरळला नेऊन आणलं हे त्याने सांगितलं. मी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला आणि नेमकं तेव्हा—

शुक्रवार, १५ ऑगस्ट, दुपार

व्हिडिओ कॉल लागला. मागे खडक, वाळू, झाड नाही. वाऱ्याने शब्द उडत होते. समिधा कुठे, समिधा कुठे, एवढंच ओरडत होते मी.

सासूबाईंनी फोन घेतला. "नेली आसती तर वाटंतच परान सोडला आसता तिनं. तुजं नाव बांधावरच्यानं घेतलंच नाय गं. आधी सांगितलं आसतं तर तू आमाला जाऊ दिलं नसतंस. पोर तुज्यापाशीच हाय. बांधाच्या वळणावर उतरवली."

परवा. परवा सकाळी उतरवली. दोन दिवस मी घरात बसून तिची वाट मस्कतला—

बांधावर गेले. कंबरभर पाण्यात शिरले. हाका मारल्या. धो धो पाऊस, पुढचं दिसत नाही. एक चप्पलही नाही.

साडेतीन

मागच्या दाराशी आलीय. फटीतून दिसते. समिधाच.

बाहेर पावसाच्या धारा आणि तिचा फ्रॉक कोरडा. केस कोरडे, वारा सुटल्यासारखे उडताहेत. इथे पानसुद्धा हलत नाही—

आई, दार उघड म्हणते. आवाज तिचाच. पण ओठ फुटलेत, त्या दिवशी पुलापलीकडे फुटले होते तसे—

कडी मी घातली. मी, तिच्या आईने. पाठ दाराला लावून बसलेय, वही मांडीवर. उपाशी आहे म्हणते. दोन दिवसांची उपाशी—

फटीतून बोटं आली. माझ्या खांद्यावर. लहानच आहेत. गार आहेत. नखं कुरतडलेली, तिच्यासारखी—

तिची नसतील तर नसोत. पण तिची असतील तर मी तिला बाहेर कशी—

उघडते. बाळा, थांब, मी उघड